जमिनीला गूळ चारणाऱ्या मॅडम

"जवाईबापू आज पुन्हा रुसले," असं मेश्राम मॅडम फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. माझा कामावरचा पहिलाच दिवस. मला वाटलं, बाईंच्या घरात काहीतरी बिनसलंय, आपण ऐकू नये. म्हणून मी रिकाम्या बाटल्यांचा क्रेट उचलून लांब जाऊन उभी राहिले. फोन ठेवून त्या माझ्याकडं आल्या. "चाल, जवाईले पाहून येऊ."

मी घाबरत मागं गेले. बंद कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी, कडुनिंबाखाली, जमिनीतून हातभर वर आलेला एक पाईप होता. त्याला टोपण, टोपणाला कुलूप. मॅडमनी टोपणावर थाप मारली. "हे आमचे जवाई. पंप लावला का दम टाकते, पाणीच देत नाही. लय मान लागते याले."

त्या आवारात अशा पुष्कळ बोअर होत्या. जमिनीखालचं पाणी कुठं किती खराब आहे ते बघायला पाडलेल्या. कागदावर त्यांना नंबर होते, पण मॅडमच्या तोंडी कधी नंबर आला नाही. कधीही गेलं तरी भरभरून पाणी देणारी ती मावशी. सगळ्यांत खोल होती ती मोठेबाबा. आणि कारखान्याच्या जुन्या खड्ड्याला लागून असलेली, बाटलीत धरल्यावर लिंबाच्या सरबतासारखं पिवळं पाणी देणारी, ती सासू. "सासूचा पारा उतरला का समजायचं, घर सुधरून राहिलं," असं त्या म्हणायच्या. नागपूरहून आलेले इंजिनिअरसुद्धा मग मीटिंगमध्ये चुकून सासू म्हणायचे आणि जीभ चावायचे.

गावाचं नाव मी लिहीत नाही. त्याची आधीच फार बदनामी झालेली आहे. भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं एक गाव, एवढं पुरे. गावाच्या अंगाला लोखंडाच्या वस्तूंना चकाकी चढवायचा कारखाना होता. तो बंद पडला, मालक गेले, मागं खड्ड्यात पुरलेला हिरवापिवळा गाळ राहिला. पावसाचं पाणी त्याच्यातून मुरत मुरत खाली गेलं आणि गावातल्या विहिरी पिवळ्या झाल्या. ते निस्तरायचं काम मेश्राम मॅडमकडं होतं. विषारी माती खणून, ताडपत्री बांधलेल्या ट्रकमधून लांबच्या पक्क्या खड्ड्यात पाठवायची. खालचं पाणी उपसून साफ करायचं. आणि जे उपसून येत नाही त्याला जमिनीतच औषध द्यायचं. त्या औषधाची गंमत पुढं सांगते.

मी मूळची जतकडची. दुष्काळ पडला, आईबाप ऊसतोडीला गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. नवरा बोअरच्या गाडीवर ऑपरेटर. गाडी जिकडं जाईल तिकडं आमचा संसार. या बोअर त्याच्याच गाडीनं पाडल्या आणि मला तिथं पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुवायचं काम मिळालं. घरापासून एवढ्या लांब मी कधी आले नव्हते. बोली सुद्धा वेगळी. इकडं बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात. पहिले काही दिवस मला वाटायचं, मॅडम आपली चेष्टा करतायत.

आणि माझा स्वभाव भित्रा. धुतलेली बाटली पुन्हा धुवायची, लावलेलं झाकण पुन्हा काढून बघायचं. एकदा एक मजूर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, हे बाई बाटल्या धुऊन धुऊन काच पातळ करन." सगळे हसले. मला वाटलं, गेलं आपलं काम. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुनंदा भिते म्हणूनच तिले बाटल्या देल्या ना! न भिणाऱ्याच्या हातची बाटली मले नको." त्या दिवसापासून धुण्याबरोबर नमुना भरायचं कामही माझ्याकडं आलं. भीतीचा असा उपयोग असतो हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम ठेंगण्या, चष्म्याला दोरी, पंजाबी ड्रेसवर वडलांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पायात गमबूट. माहेर लाखांदूरकडलं. कंपनीनं त्यांना जीप दिलेली होती, पण जीपमधून नमुने प्रयोगशाळेत जायचे. बर्फाची पेटी पुढच्या सीटवर बसवायच्या, तिला पट्टा लावायच्या आणि ड्रायव्हरला सांगायच्या, "गड्ड्यातून जोरात नेशील त पेटी मले येऊन सांगन." स्वतः एसटीनं भंडाऱ्याला. कुणी विचारलं, तर "नमुन्याले गाडी, मले लाल डबा. नमुना उशिरा पोचला त खोटा होते, मी उशिरा पोचलो त फक्त उपाशी राहतो."

रागावणं त्यांना नीट जमायचं नाही. पण रागावल्या की एक व्हायचं, त्या शुद्ध बोलायला लागायच्या. "काहून बे, हे काय केलं?" असं म्हणाल्या तर समजायचं, सगळं ठीक आहे. "आपण हे काय केलेत?" म्हणाल्या की मोठमोठे ठेकेदार टोपी काढून उभे राहायचे.

आता औषधाची गोष्ट. जमिनीत द्यायचं औषध म्हणजे मळी. आमच्याकडं साखर कारखान्यातनं निघते ती, काळी, चिकट. पाण्यात कालवून ती बोअरमधनं खाली सोडायची. खाली मातीत जिवाणू असतात. गोड मिळालं की ते वाढतात आणि त्यांच्या त्या उद्योगात पिवळं विष बदलून मातीला चिकटून बसतं, पाण्यातनं उतरतं. मला मळीचा वास आल्यावर घर आठवलं. गाव मळीला गूळच म्हणायचं, पण वासानं गावाला दुसरंच काही आठवलं. मोहफुलाच्या भट्टीचा वास ज्या नाकांनी ओळखलेला, त्या नाकांना आंबलेल्या मळीचा वास लागला आणि गावभर झालं, की गूळवाली मॅडम कारखान्यात दारू गाळून राहिली.

एका सकाळी फाटकावर बायकांचा मोर्चा. दारूबंदीच्या मंडळाच्या बायका, हातात काठ्या. पुढं फुलाबाई. उंच, कपाळभर कुंकू, आवाज असा की पलीकडच्या बांधीतला बैल थांबावा.

"मॅडम, तुमी शिकलेल्या बाया असून हे धंदे करता?"

"कोणते?"

"वास येऊन रायला ना, बाप्पा! नाक हाये आमाले!"

मॅडमनी फाटक सताड उघडलं. "या, पाहा. पण काठ्या बाहेर ठेवा, माझ्या जवाईले लागन." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मॅडमनी त्यांना सतरंजीवर बसवलं, मला चहा टाकायला सांगितलं आणि काचेच्या दोन बरण्या आणून मधे ठेवल्या. दोन्हीत सासूचं पाणी आणि कारखान्याची माती. एकीत नुसतंच, ते पिवळंच्या पिवळं. दुसरीत आधीच मळी घातलेली. तिच्यावरचं पाणी गढूळसर झालेलं, पण पिवळेपणा पार गेलेला.

"आता सांगा, दारू हाये का?"

एक म्हातारी म्हणाली, "हाये त दारूच. पण पिते कोण?"

"जमिनीतले बारके जीव पितात, आजी. फरक एवढाच, का तुमचे नवरे पिऊन झोपतात, हे पिऊन कामाले लागतात."

असा हशा झाला की फाटकाबाहेरचे पुरुष दचकून लांब सरकले. फुलाबाई मात्र हसली नाही. ती बरण्यांकडं बघत होती. चहाचा कप तिनं तसाच ठेवला होता. मग एकदम म्हणाली, "माझ्या विहिरीत सोडा ना मंग हे. आजच सोडा."

तिथनं आम्हाला फुलाबाईची विहीर कळली. तिच्या अंगणात होती. सगळी आळी तिच्यावर पाणी भरायची, उन्हाळ्यातसुद्धा आटायची नाही. आता तिच्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर लाल रंगाची फुली. पाणी टँकरचं. त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. फुलाबाईची पोरगी मीना आंधळगावला दिलेली. तिला मूल झालं आणि तिच्या सासूनं सांगून टाकलं, "त्या पिवळ्या पाण्याच्या गावात माझा नातू राहनार नाही." मीना यायची ती सकाळच्या एसटीनं, पोराला सासरी ठेवून. बसायची, रडायची, दुपारच्या एसटीनं परत. फुलाबाईनं नातू स्वतःच्या घरात कधी निजवला नव्हता.

मॅडमनी त्या दिवशी तिला वचन काही दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "फुलाबाई, तुमची विहीर उघडायची तवा मी स्वतः येऊन सांगीन. त्याच्या आधी कोणी साहेब येऊन पिऊन दाखवन तरी ऐकू नका."

कारण तसं आधी झालं होतं. सुरुवातीच्या काळात कुणी एक साहेब आले, फोटोवाल्यासमोर पेलाभर पाणी पिऊन गेले आणि काही धोका नाही म्हणाले. मॅडमना त्याची भारी चीड. "पिऊन दाखवणं म्हणजे नाटक. नाटक पाहाचं त मी मंडईत पाहीन."

इकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, लेकीबाळी माहेरी, बाजार, दंडारीचे खेळ, नाटक, आणि लग्नं जमवायची बोलणी. फुलाबाईनं डोक्यात घेतलं की यंदाच्या मंडईला मीना पोराला घेऊन मुक्कामाला आली पाहिजे. पावसाळाभर ती रोज फाटकावर यायची. "काय मॅडम, माझी विहीर काय म्हनते?"

विहीर चांगलंच म्हणत होती. उपसा चालू होता, मळी चालू होती. तपासणीच्या किटमधली पुडी टाकली की विष असलं तर पाणी गुलाबी-जांभळं होतं. तो रंग दर खेपेला फिका होत चालला होता आणि एक दिवस दिसलाच नाही. मी आनंदानं फुलाबाईकडं पळणार होते. मॅडमनी हाताला धरून थांबवलं.

"धावत्या माणसाले तब्येत विचारू नये, सुनंदा. त्याले बसू दे, घाम सुकू दे, मंग विचार. पंप बंद कर."

हे त्यांचं नेहमीचं. उपसा चालू असताना पाणी चांगलंच दिसतं. पंप थांबवला की मातीच्या फटींत दडून बसलेलं विष हळूहळू बाहेर येतं. म्हणून सगळं बंद करून, पाणी निवांत पडू देऊन मग तपासायचं. फुलाबाईच्या विहिरीला निवांत पडू दिलं आणि तपासणीचा दिवस ठरवला, मंडईच्या थोडाच आधी.

त्या दिवशी सगळी आळी अंगणात जमलेली. झाकण काढलं. मी नमुना घेतला. मॅडमनी पुडी टाकली. आम्ही बघत राहिलो. पाणी नितळ. गुलाबीचा टिपूससुद्धा नाही. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, म्हणजे माळ आणूनच ठेवली होती. फुलाबाईनं पदर डोळ्याला लावला.

मॅडमनी बाटली नाकाशी नेली. एकदा वास घेतला, पुन्हा घेतला. मग मीटर पाण्यात धरला, आकडा पाहिला आणि दोरीचा चष्मा काढून पुसला.

"फुलाबाई, तुमच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर कोणी टाकली?"

अंगणात फटाक्यांचा धूर. सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. शेवटी फुलाबाईचा पोरगा रोशन पुढं झाला. "पावडर नाई टाकली, मॅडम. आमी... टँकर टाकले."

"काय टाकले?"

"टँकर. नळयोजनेचं पानी, त्यातच पावडर राहते. जुनं पानी उपसून टाकलं आन् चांगलं भरलं. सगळ्या आळीनं मिळून. तुमाले मदत म्हनून. तुमचा रिपोट चांगला याले पाहिजे ना!"

मला भीती वाटली, आता शुद्ध मराठी येणार. मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. तर त्या हसत होत्या. चष्मा हातात, डोळ्यांतनं पाणी, विहिरीच्या कठड्याला धरून हसत होत्या. "अबे पोट्टेहो! पेशंटच्या जागी दुसराच माणूस झोपवला तुमी खाटेवर! मी त्याची नाडी पाहून राहिलो!"

आळीलाही हसू फुटलं. मग मॅडम उठल्या, शर्ट झटकला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ही विहीर आज उघडता येणार नाही. मला क्षमा करा."

शुद्ध बोलल्या. म्हणजे रागावल्या होत्या असं मी समजले. पण तोंडाकडं बघितलं तर राग नव्हता. मला वाटतं, राग आणि वाईट वाटणं, दोन्हींना त्यांच्याकडं एकच भाषा होती.

विहीर पुन्हा उपसायची, पुन्हा निवांत पडू द्यायचं, पुन्हा बघायचं. मंडई निघून जाणार होती. फुलाबाईनं मॅडमशी बोलणं सोडलं. गावात दोनचार जण म्हणाले, दाखवायचा होता की रंग नसलेला रिपोर्ट, कुणाला कळलं असतं? नागपूरहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला, तेही तेच म्हणत असावेत, कारण मॅडम फोनवर शुद्ध बोलत होत्या. "नाही. त्या पाण्याचा तो अहवाल नव्हे," एवढं मला ऐकू आलं.

मंडईच्या दिवशी मॅडम गमबूट काढून, नवी साडी नेसून आल्या आणि मला म्हणाल्या, "चाल, फुलाबाईकडे जेवाले."

"मॅडम, त्या बोलत नाहीत आपल्याशी."

"बोलाले कोण जाऊन राहिलं? जेवाले जाऊ."

वाटेत त्यांनी पाण्याचा वीस लिटरचा कॅन घेतला आणि माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मधे धरून बसल्या. फुलाबाईच्या दारात उतरून कॅन ओट्यावर ठेवला. "पाणी माझं, जेवण तुमचं." फुलाबाईनं पाट मांडला, ताट वाढलं, आणि वाढताना असं आपटून वाढलं की वडा ताटातनं उडाला. मॅडमनी तो खालचा वडा उचलून खाल्ला. "चवीले बेस हाये. राग घातला म्हणून तिखट झाला." फुलाबाई पाठ करून उभी राहिली, पण तिचे खांदे हलत होते. मीना सकाळीच येऊन दुपारी परत गेली होती. पोराला न आणता.

हिवाळा गेला. एकदा पंप थांबवल्यावर रंग पुन्हा आला, फिका गुलाबी. मॅडम म्हणाल्या, "पाहिलं? आता खरं बोलली." पुन्हा मळी, पुन्हा उपसा. मग रंग गेला तो गेला. पंप बंद ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं, मोठ्या प्रयोगशाळेतनं पुन्हा पुन्हा तपासून आलं. तरी मॅडम थांबल्याच. आंब्याला कैऱ्या लागल्या तेव्हा एका साध्या बुधवारी, फोटो नाही, फटाके नाहीत, त्या फुलाबाईच्या अंगणात उभ्या राहिल्या. "फुलाबाई, मी स्वतः येऊन सांगीन म्हणलं होतं. सांगाले आलो. प्या."

झाकण काढलं. लाल फुलीसकट ते भिंतीला टेकवून ठेवलं. आळी जमली. आणि कुणीच पुढं होईना.

एवढी वर्षं विहीर मागणारी माणसं, आणि आता बादली कुणी उचलेना. बायका पोरांना मागं ओढायला लागल्या. फुलाबाई स्वतः दोरी हातात घेऊन उभी, पण सोडेना. सगळे मॅडमकडं बघत होते. मला कळलं, त्यांना मॅडमनी प्यालेलं बघायचं होतं. आणि मला हेही माहीत होतं की मॅडम पिऊन दाखवणार नाहीत.

मॅडमनी छत्री मिटली, चपला काढल्या आणि सरळ फुलाबाईच्या घरात शिरल्या. आतनं आवाज आला, "फुलाबाई, सकाळपासून पोटात काही नाही. भात टाका."

"कोनत्या पान्यात?" फुलाबाईनं बाहेरनं विचारलं.

"घरी विहीर असून मले विचारता?"

फुलाबाईनं दोरी सोडली. बादली खाली गेली, पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. वर आली. ती बादली तिनं दोन्ही हातांनी आत नेली, जणू सांडली तर कुणी रागावेल. चूल पेटली. आळीतल्या बायका दारात, खिडकीत. फुलाबाई भात शिजत होता त्या गंजाजवळ उकिडवी बसली, झाकणाला हात लावायची आणि काढायची.

"त्या वर्षी याच गंजात भात पिवळा झालता, मॅडम. मी त म्हनलं, पोट्टीनं हळद सांडली. खाल्ला बी आमी. आज बी तसाच निघाला त?"

"त हळद टाकली म्हणून सांगजा. वाफ जाऊन राहिली, काढा झाकण."

झाकण निघालं. वाफ गेली. फुलाबाई वाकून बघत राहिली. मग तिनं चमचाभर भात तळहातावर घेतला, उठून दारातल्या उजेडात नेला आणि प्रत्येकीला हात पुढं करून दाखवला. धानाच्या देशातल्या बायका, भाताचा रंग त्यांना काय सांगायचा. मोर्चातली ती म्हातारी म्हणाली, "पांढरा हाये वं."

"पाहून पोट नाही भरत," मॅडम आतनं म्हणाल्या. "वाढा."

फुलाबाईनं दोन ताटं वाढली. एक मॅडमना, एक स्वतःला. मला कुणी विचारलं नाही, मीच ताट घेऊन बसले. मी, बाटली पुन्हा पुन्हा धुणारी. वरण नव्हतं. मीठ आणि लोणचं.

तेवढ्यात रोशननं आंधळगावला फोन लावला. मीनाच्या सासूनं घेतला. फुलाबाई सांगायला गेली आणि तिला बोलताच येईना, हुंदकाच यायला लागला. पलीकडनं विहीणबाईंचा आवाज मोठा झाला, काय झालं म्हणून. मॅडमनी डावा हात पुढं करून फोन घेतला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. दुसऱ्या दिवशी त्या नव्या कामावर गेल्या आणि मग आमची बोअरची गाडीही दुसरीकडं हलली. पण आठवण आली की मला त्या तशाच दिसतात. भिंतीला टेकून, मांडीवर ताट, चष्म्यावर वाफ, गाल फुगलेला, कानाला फोन. पलीकडची बाई विचारत होती, पाणी खरंच चांगलं झालं का, तुम्ही मॅडम का, तुम्ही खात्रीनं सांगता का.

"थांबा बाई," मेश्राम मॅडम म्हणाल्या, "तोंडात घास हाये." आणि तो घास नीट चावून होईपर्यंत त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.